शनिवारी घाणा बंद!

दोस्तांनो, आज आधी एक कोडं घालते. पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर, झिराडकर, अष्टमकर, चेऊलकर. ही आडनावं कुठल्या लोकांची असतील?

तुम्ही म्हणाल, "सोपं आहे की बाई! कोकणातल्या लोकांची." अगदी बरोबर. आपल्याकडे नाही का अकोलकर, दर्यापूरकर, मूर्तिजापूरकर असतात? गावाच्या नावाला 'कर' लावलं की झालं आडनाव. मग आता दुसरा प्रश्न. या लोकांचा धर्म कोणता?

इथे मात्र भले भले अडतात. कारण वरच्या यादीतली सगळी आडनावं आपल्या महाराष्ट्रातल्या ज्यू, म्हणजे यहुदी कुटुंबांची आहेत! कोकणातल्या शंभराहून अधिक गावांची नावं त्यांनी अशी आपल्या आडनावात जपली आहेत. घरात मराठी बोलणारे, लुगडं नेसणारे, नारळ घालून कालवण करणारे हे लोक स्वतःला 'बेने इस्रायल' म्हणतात. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ 'इस्रायलची लेकरं'.

आपल्या वऱ्हाडात समुद्र नाही, त्यामुळे ही मंडळी आपल्या फारशी ओळखीची नाहीत. पण त्यांच्या गोष्टीत घाणा आहे, बैल आहे, कीर्तन आहे, कापूस आहे आणि गव्हाचा चीकसुद्धा आहे. म्हणजे सगळं आपल्या ओळखीचंच! चला तर मग.

सात जोडपी आणि एक फुटलेलं जहाज

बेने इस्रायल लोकांची पिढ्यान्पिढ्या चालत आलेली कथा अशी. फार फार वर्षांपूर्वी, कदाचित दोन हजार वर्षांपूर्वी, त्यांचे पूर्वज आपला देश सोडून जहाजाने निघाले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी ते जहाज खडकावर आपटून फुटलं. फक्त सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बाकीच्यांना तिथेच मूठमाती दिली. नवगावला आज त्यांचं स्मारक आहे.

ही झाली परंपरेची कथा. ते नेमके कधी आणि कुठून आले, याबद्दल इतिहासकारांची वेगवेगळी मतं आहेत. पण २०१६ साली शास्त्रज्ञांनी या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांच्या रक्तात पश्चिम आशियातल्या यहुद्यांचा वारसाही सापडला आणि भारतातल्या लोकांचाही. म्हणजे मुळं तिकडची आणि इकडचीही, हे विज्ञानानेही सांगितलं.

जहाजाबरोबर धर्मग्रंथही बुडाले. मग उरलं काय? जेवढं तोंडपाठ होतं तेवढंच! 'देव एकच आहे' असं सांगणारी एक लहानशी प्रार्थना, खाण्यापिण्याचे काही नियम, मुलगा झाला की आठव्या दिवशी करायचा विधी आणि शनिवारची सुट्टी. विचार करा, तुमची सगळी पुस्तकं एका रात्रीत वाहून गेली, तर तुम्हाला काय काय आठवेल? आणि ते तुम्ही तुमच्या नातवंडांपर्यंत पोचवू शकाल का?

बैलालाही सुट्टी

कोकणात आल्यावर या लोकांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. अकोल्याच्या पोरांना तेलाचं काय सांगावं! सरकीचं तेल, तेलाच्या गिरण्या आपल्या पाचवीलाच पुजलेल्या. पण त्या काळी गिरणी नव्हती. लाकडी घाणा आणि त्याला जुंपलेला, डोळ्यांवर झापड बांधलेला, गोल गोल फिरणारा बैल.

शुक्रवारी सूर्य मावळला की यांचा घाणा थांबे तो थेट शनिवारी संध्याकाळी सुरू होई. शेजारच्या गावकऱ्यांना याची मोठी गंमत वाटे. त्यांनी या लोकांना नावच पाडलं, 'शनिवार तेली'! सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनिवार तेली. विषय संपला. 'तुम्ही असं का करता?' म्हणून कोणी भांडायला उठलं नाही.

या सुट्टीला हिब्रूत 'शब्बाथ' म्हणतात. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगू? त्यांच्या धर्मग्रंथात लिहिलंय की त्या दिवशी मालकाने काम करायचं नाही, नोकरानेही नाही आणि बैलानेही नाही! आपण वऱ्हाडातली माणसं पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतो, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. आपला पोळा वर्षातून एकदा. शनिवार तेल्यांच्या बैलाचा मात्र दर आठवड्याला पोळा!

नव्याचा सण, खिरीचा सण

शेकडो वर्षं हे लोक जगभरातल्या यहुद्यांपासून तुटलेले राहिले. पुढे दाविद रहाबी नावाचे एक विद्वान कोकणात आले, असं परंपरा सांगते. हे लोक खरंच यहुदी आहेत का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी काय केलं माहीत आहे? बायकांसमोर वेगवेगळे मासे ठेवले आणि म्हणाले, "यातले तुम्ही खाता ते वेगळे काढा." बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले. यहुद्यांचा नियम नेमका तोच! स्वयंपाकघरातल्या बायकांनी परीक्षा पास केली. रहाबींनी मग समाजातल्या तीन माणसांना शिकवून तयार केलं आणि विसरलेल्या गोष्टी हळूहळू परत आल्या.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकाल तर आपलीच वाटतील. नवीन वर्षाचा तो 'नव्याचा सण'. त्यानंतर येणारा 'खिरीचा सण'. दिवसभर दार लावून, पांढरे कपडे घालून, कडक उपवास करून देवाची क्षमा मागायची तो 'दारफळणीचा सण'. आणि यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं त्या दुःखाच्या दिवशी वालाचं बिरडं खायचं, म्हणून तो 'बिरड्याचा रोजा'!

नवीन वर्षाला त्यांच्याकडे चिकाचा हलवा करतात. उन्हाळ्यात कुरडयांसाठी आई गहू भिजवून चीक काढते ना, तोच चीक. त्यात नारळाचं दूध घालायचं. गाईचं दूध का नाही? कारण मांसाच्या जेवणाबरोबर दुधाचे पदार्थ खायचे नाहीत, हा त्यांचा नियम. नारळाच्या दुधाने तो नियमही पाळला गेला आणि कोकणची चवही आली. घरात काही चांगलं घडलं, की गोड पोहे, नारळ आणि फळं ताटात मांडून 'मलिदा' करतात आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण काढतात.

कैदेतून सुटलेल्या सुभेदाराची मशीद

आता मुंबईला जाऊ. अकोल्याहून किंवा बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने गेलात, तर शेवटचं मोठं स्टेशन येण्याच्या आधी एक पाटी दिसते, 'मशीद'. हे नाव कुठल्या मशिदीवरून पडलं? पुष्कळ जण सांगतात, की ते यहुद्यांच्या प्रार्थनागृहावरून पडलं. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. इंग्रजीत त्याला 'सिनेगॉग' म्हणतात.

ते बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी, १७९६ साली. त्यांचं हिब्रू नाव सॅम्युअल एझिकेल. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत ते अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. 'हे बेने इस्रायल आहेत, यांचं नाव कुराणात आहे, यांना मारू नकोस,' असं सुलतानाच्या आईने सांगितल्यामुळे त्यांचा जीव वाचला, अशी कथा आहे. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग उभारलं. त्या भागातल्या रस्त्याला पुढे सॅम्युअल स्ट्रीट नाव मिळालं.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते, चित्र नसतं. पश्चिमेच्या भिंतीत एक मोठं कपाट असतं. भारतातून यरुशलेम पश्चिमेला, म्हणून तोंड त्या दिशेला. कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी असते, तिला 'तोरा' म्हणतात. मधोमध कठडा असलेला चौथरा, त्यावर उभं राहून ती वाचतात.

मुंबईपाठोपाठ अलिबागला १८४८ साली आणि पनवेलला १८४९ साली सिनेगॉग झालं. पेण, रेवदंडा, नांदगाव इथेही झाली. अलिबागच्या त्या वस्तीला इस्रायल आळी म्हणतात. पुण्याला रास्ता पेठेत १९२१ साली बेने इस्रायलांचं सिनेगॉग झालं.

शाळा, छापखाना आणि कीर्तन

पण मुलांनो, कुठलाही समाज फक्त देवळावर उभा राहत नाही. त्याला शाळा लागते. हे हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी ओळखलं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत १८७५ साली शाळा काढली. पुढे ती सर एली कदुरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. केहिमकरांनी आपल्या समाजाचा मोठा इतिहासही लिहून ठेवला. तो १८९७ साली लिहून झाला होता, पण छापून आला १९३७ साली, म्हणजे ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी! आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्या एका चिकाटीच्या माणसामुळे.

याच शाळेत पुढे रेबेका रूबेन या मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला नंबर पटकावला होता. मुलींना शाळेत पाठवायचं की नाही यावर वाद चालत, त्या काळातली ही गोष्ट आहे, बरं का!

हिब्रू सगळ्यांना येत नव्हतं. मग प्रार्थना कळायच्या कशा? जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात छापलेल्या एका सणाच्या पुस्तकात तर हिब्रूबरोबर मराठी भाषांतर आहे आणि चित्रातल्या बायका साडी नेसून सणाची भाकरी करताहेत.

आणि सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे कीर्तन! आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनातून लोकांना शहाणं करत, हे तुम्हाला ठाऊक आहे. बेने इस्रायल मंडळींनीही १८८० साली मुंबईत मराठी कीर्तनं सुरू केली. अभंग-ओव्यांच्या चालीवर कथा मात्र अब्राहामाची, योसेफाची, मोशेची. डोळ्यांसमोर आणा, पेटी-झांजा वाजताहेत आणि भावांनी विहिरीत टाकलेल्या योसेफाची गोष्ट रंगली आहे! शेजाऱ्याकडची चांगली रीत उचलली म्हणून आपला धर्म बाटत नाही, हे त्यांना कळलं होतं.

कापसाचे व्यापारी

महाराष्ट्रात यहुद्यांचा आणखी एक गट आला, तो बगदादहून. बगदादच्या राज्यकर्त्याच्या छळाला कंटाळून डेव्हिड ससून हे व्यापारी १८३०च्या दशकात मुंबईला आले. त्यांच्या पेढीचा कापसाचा व्यापार फार मोठा होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडातल्या पांढऱ्या सोन्याचे ते दिवस तुम्ही आजोबांकडून ऐकले असतील. याच पेढीने चीनशी अफूचाही मोठा व्यापार केला, हेही सांगायला हवं. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा.

या घराण्याने दानही भरपूर केलं. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ सालचं. त्यात आजही रोज शेकडो गरीब रुग्ण उपचार घेतात. त्याच वर्षी पूर्ण झालेलं पुण्याचं लाल विटांचं सिनेगॉग 'लाल देऊळ' म्हणूनच लोकांना माहीत आहे. मुंबईचं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० सालचं आणि मासळीने गजबजलेला ससून डॉक १८७५ सालचा.

बेने इस्रायलांनीही महाराष्ट्राला पुष्कळ दिलं. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. डॉ. जेरुशा झिराड यांनी बाळंतिणींच्या सेवेत आयुष्य घालवलं, १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम एझिकेल यांना १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आणि 'बूट पॉलिश' या १९५४ सालच्या चित्रपटात अनाथ मुलांना मायेने सांभाळणारा जॉन चाचा आठवतो का, आईबाबांना विचारा! ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

दहावा माणूस

आता गोष्टीचा अवघड भाग. १९४८ साली इस्रायल हा देश स्थापन झाला. आपल्या पूर्वजांच्या भूमीत जाऊन राहावं, असं पुष्कळांना वाटलं. बोटी भरून, विमानं भरून माणसं गेली. त्यांना इथून कोणी हाकललं नव्हतं, हे लक्षात ठेवा. जगात कितीतरी देशांत यहुद्यांचा छळ झाला. युरोपात हिटलरच्या राजवटीने ६० लाख यहुद्यांना ठार मारलं. आपल्या गावकऱ्यांनी मात्र शनिवार तेल्यांवर शेजारधर्म सोडून दुसरा कुठला धर्म लादला नाही. म्हणून जाताना त्यांचे डोळे भरून आले.

तिकडे गेल्यावर मात्र एक वेगळंच दुखणं पुढे आलं. तिथल्या काही धर्मगुरूंनी विचारलं, "तुम्ही खरे यहुदी कशावरून?" लग्नं अडू लागली. शेकडो वर्षं ज्या ओळखीसाठी शनिवारी घाणा बंद ठेवला, तीच नाकारली जात होती! बेने इस्रायल गप्प बसले नाहीत. त्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. अखेर १९६४ साली इस्रायलच्या सरकारला जाहीर करावं लागलं, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत.

इकडे महाराष्ट्रात काय झालं? १९५१ सालच्या जनगणनेत सगळ्या भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. २०११ साली ते साडेचार हजारांच्या आसपास उरले. त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या महाराष्ट्रात.

आकडे कमी झाले तर बिघडलं कुठे, असं वाटेल. ऐका. यहुद्यांची पूर्ण सामुदायिक प्रार्थना करायची, तर दहा मोठी माणसं लागतात. परंपरेने पुरुष मोजतात, काही नव्या विचारांच्या मंडळींत बायकाही मोजतात. नऊ असले तर थांबायचं! आणि 'मोठा' कोण? तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा! म्हणजे सातवी-आठवीतला पोरगासुद्धा दहावा माणूस ठरू शकतो. तो आला तर प्रार्थना होणार, तो आला नाही तर नऊ म्हातारे दाराकडे बघत बसणार.

कोकणातल्या काही गावांत आज हीच अवस्था आहे. इमारत उभी आहे, गुंडाळी कपाटात आहे, पण दहा माणसं नाहीत. सणासुदीला मुंबई-ठाण्याहून मंडळी येतात, कधी इस्रायलहून येतात, तेव्हा दिवे लागतात. म्हणजे एखादी संस्था विटा-चुन्याने उभी राहत नाही, ती 'मी येतो' म्हणणाऱ्या माणसाने उभी राहते. आपलं गावातलं वाचनालय असो, नाहीतर व्यायामशाळा. तिथेही दहावा माणूस आपणच असतो.

पण सगळं संपलं असं नाही हं! २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. आणि तिकडे इस्रायलमध्ये गेलेल्या मंडळींनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं आहे. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत अजूनही पुरणपोळी होते, मराठी गाणी होतात. इथे असताना त्यांनी हिब्रू प्रार्थना जपली, तिथे गेल्यावर मराठी जपताहेत.

आणि आपण? आपल्या वर्गात एखादा मुलगा वेगळ्या दिवशी उपवास करतो, एखादीचं आडनाव कधी न ऐकलेलं असतं. आपण फिदीफिदी हसतो, की 'तुझ्याकडे काय करतात गं?' असं विचारतो? कोकणातल्या त्या साध्या गावकऱ्यांना शब्बाथ म्हणजे काय, हे ठाऊकही नव्हतं. पण शेजाऱ्याच्या शनिवारी त्याच्याकडे तेल मागायला जायचं नाही, शुक्रवारीच आणून ठेवायचं, एवढं कळलं की पुरतं.

करून पाहा

१. अमरावती, अकोला, अचलपूर किंवा तुमच्या गावात थोड्याच घरांचा असा एखादा समाज आहे का? त्यांच्यातल्या एखाद्या आजी-आजोबांना भेटा. ते कुठून आले, काय काम करत, कोणता खास पदार्थ करतात, हे वहीत लिहा.

२. गावातली एक जुनी शाळा, वाचनालय किंवा धर्मशाळा निवडा. ती कोणी बांधली, कोणत्या साली बांधली, ते पाटीवर शोधा.

३. आईबाबांनो, तुमच्यासाठीही एक काम. आपल्या घरात पुस्तकाशिवाय, नुसत्या आठवणीतून चालत आलेली एक गोष्ट, गाणं किंवा रीत आज रात्री मुलांना सांगा. जहाज फुटल्यावर तेवढंच हाती राहतं.

लिहिलेलं मला जरूर पाठवा. वाट बघते आहे!